पडदा मुलाकडे पाहत नाही

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळला उतरलं, की पश्चिमेला भोरचा रस्ता फुटतो आणि पूर्वेला नारायणपूर-सासवडचा. आभाळ स्वच्छ असलं तर पूर्वेला पुरंदर दिसतो. त्या गडावर १४ मे १६५७ रोजी संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाई आजारी, बाळाला दूध पुरेना. तेव्हा याच कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातली धाराऊ त्यांची दूधआई झाली. तिचे मुलगे अंतोजी आणि रायाजी पुढे संभाजीराजांच्या सोबतीला राहिले, असं सांगतात. आमच्या गावात ही गोष्ट लहानपणीच कानावर पडते.

लहान मुलांच्या ॲनिमेशन सिनेमांवरच्या पुस्तकाची प्रस्तावना मी धाराऊपासून का सुरू करते आहे, ते आधी सांगते. राजाचं मूल दुसरीच्या पदरात द्यायचं तर घर पाहिलं असणार, बाई पाहिली असणार, तिची तब्येत, तिचा स्वभाव विचारला असणार. आणि एकदा मूल तिच्या मांडीवर दिल्यावर ती त्याच्याकडे पाहत होती. मूल रडलं तर का रडलं, पोट भरलं की नाही, झोपेला आलं आहे का, हे तिला कळत होतं. आज आपल्या प्रत्येक घरात अशी एक दुसरी सांभाळणारी आली आहे. ती हातात मावते, चार्जरला लावून ठेवावी लागते, आणि तिची चौकशी आपण कोणीही केलेली नाही.

मी भोर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये तीस वर्षांहून अधिक काळ पहिली ते चौथीला शिकवलं. निवृत्तीनंतर दर शनिवारी दुपारी घरच्या पडवीत पांढरी चादर लावून आळीतल्या मुलांना ॲनिमेशन सिनेमे दाखवू लागले. हे पुस्तक त्या शनिवारांतून आलं. त्याआधी शाळेत असताना पालकसभेत एक प्रश्न हमखास यायचा. “बाई, कार्टूननं पोरं बिघडतात का हो?” विचारणारी आई दमलेली असायची आणि तिला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच हवं असायचं. मी तेव्हा ‘जास्त दाखवू नका’ असं सांगून मोकळी व्हायचे. ते उत्तर अपुरं होतं. पुरं उत्तर द्यायला मला हे पुस्तक लिहावं लागलं.

एक दृश्य सांगते. दिवाळीनंतरचे दिवस होते. मी फाट्यावर भोरच्या एस.टी.ची वाट पाहत उभी होते. शेजारी एक आई, कडेवर तान्ही मुलगी, पायाशी बाजाराच्या दोन पिशव्या आणि पिशवीला टेकून बसलेला चारेक वर्षांचा मुलगा. त्याच्या हातात मोबाइल. आई वडापावचा तुकडा त्याच्या तोंडाशी नेई, तो मान न हलवता तोंड उघडी. तेवढ्यात रस्त्याच्या कडेनं धनगरांचा वाडा निघाला. शंभर-दीडशे मेंढरं, दोन कुत्री, आणि मागून लादलेलं घोडं. घोड्यावर बाजलं, भांडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि एका झोळीतून बाहेर डोकावणारं मेंढीचं दोन दिवसांचं कोकरू. मेंढरं त्या मुलाच्या पायाला घासून गेली. त्यानं पाय आत घेतले, डोळे वर केले नाहीत. वाडा पुढे गेला आणि थोड्या वेळानं फोनची बॅटरी संपली. मग तो पोरगा आईकडे वळून म्हणाला, “मम्मी, चालू करो ना, मुझे देखना है.” आईनं मावळी मराठीत समजावलं, तो हिंदीत रडत राहिला.

त्या आईला मी दोष देत नाही, आणि या पुस्तकात कुठेही दिलेला नाही. पहाटे पाचला उठून डबे करायचे, कंपनीची गाडी पकडायची, संध्याकाळी येताना बाजार करायचा, आणि दोन मुलं सांभाळत एस.टी.ची वाट पाहायची. त्या बाईला वीस मिनिटं उसंत मिळाली ती त्या फोनमुळे. ही गरज खोटी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक आठवडा तिच्या जागी राहून पाहावं. पण त्या वीस मिनिटांत त्या मुलाचं काय गेलं, हेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. सिनेमा मुलांवर परिणाम करतो का? करतो, यात मला शंका नाही. १९७४ साली विजया मुळे यांनी ‘एक, अनेक और एकता’ हा छोटा ॲनिमेशनपट केला. भीमसेन यांचं ॲनिमेशन, जाळ्यासकट उडून जाणारे पक्षी, जेमतेम सात मिनिटांचा. दूरदर्शनवर तो पाहिलेली माणसं आज पन्नाशीला आली, तरी त्यांना त्यातलं गाणं पाठ आहे. नव्वदीच्या सुरुवातीला युनिसेफनं राम मोहन यांच्याबरोबर ‘मीना’ ही मालिका घडवली. मीनालाही शाळेत जाऊ द्या, भावाइतकंच तिच्याही ताटात वाढा, हे तिनं दक्षिण आशियातल्या घराघरांत नेलं. माझ्या वर्गातल्या मुली मीनाच्या पोपटाचं नाव सांगायच्या आणि घरी जाऊन दुधाच्या पेल्यावरून आजीशी वाद घालायच्या. कार्टूननं शिकलेली चांगली गोष्ट आपण आनंदानं मोजतो. मग वाईट गोष्ट शिकली जात नाही, असं म्हणता येणार नाही. जी वाट मीनाला खुली आहे, ती इतरांनाही खुलीच आहे.

तरी पालकांना ज्या गोष्टींची सर्वांत जास्त भीती वाटते, त्या माझ्या अनुभवात सर्वांत कमी धोक्याच्या निघाल्या. पहिली भीती मरणाची. २०१४ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी आली. १९३७ पासूनचे ४५ गाजलेले ॲनिमेशनपट घेऊन त्यांची मोठ्यांच्या नाट्यपटांशी तुलना केली होती. महत्त्वाचं पात्र मरण्याचा धोका मुलांच्या सिनेमांत अडीच पट निघाला, आणि मरणाऱ्यांत नायकाचे आई-बाप अधिक. आकडा वाचून दचकायला होतं. पण आपल्या आज्यांनी सांगितलेल्या गोष्टी आठवा. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा चिमणीच्या दारात कुडकुडत उभा राहतो आणि कित्येक घरी सांगितल्या जाणाऱ्या शेवटात तो तापलेल्या तव्यावर बसून भाजतो. आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या ‘श्यामची आई’नं मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना रडवलं आहे. त्या रडण्यानं कोणी बिघडलं, असं मी ऐकलेलं नाही.

पडवीत ‘बांबी’ दाखवला तो शनिवार मला लख्ख आठवतो. १९४२ चा सिनेमा, ७० मिनिटांचा. आई मरते ते दृश्य पडद्यावर दिसतच नाही. गोळीचा आवाज येतो, पाडस धावत राहतं, मग बर्फ पडतो आणि ते आईला हाका मारत फिरतं. मी आवाज बारीक करून मराठीत गोष्ट सांगत होते. त्या ठिकाणी माझा आवाज बंद झाला आणि बावीस मुलं एकदम गप्प झाली. मग तिसरीतली एक मुलगी, जिची आजी त्याच उन्हाळ्यात गेली होती, हळूच म्हणाली, “त्याला कुणी सांगितलंच नाही ना, का गेली ते?” एका मुलानं घरची म्हैस मेली तेव्हा बाबा गोठ्यामागे जाऊन रडले होते, ते सांगितलं. त्याच्या बाबांना मी शाळेपासून ओळखते. त्यांनी ते आयुष्यात कोणाला सांगितलं नसतं. सिनेमा थांबवून आम्ही अर्धा तास बोललो. मुलांना दुःख झालं हे खरं आहे. नुकसान झालं, असं मी म्हणणार नाही.

पण त्याच पडवीत माझ्या हातून चूकही झाली. एका सिनेमात चेटकीण म्हातारीचं रूप घेते, तो प्रसंग सुरू होता. पुढच्या रांगेत पाच वर्षांचा एक मुलगा मोठ्या बहिणीबरोबर आला होता. मी गोष्ट सांगण्यात रंगले होते, त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं. तो चार रात्री दचकून उठला, त्याच्या आईनं येऊन मला सांगितलं, आणि ती रागावली होती ते बरोबर होतं. आठ वर्षांच्या बहिणीला ज्याची मजा वाटली, त्यानं पाच वर्षांच्या भावाची झोप गेली. सिनेमा तोच होता. २०२३ च्या दुरुस्तीनं आपल्या सेन्सॉर बोर्डाच्या प्रमाणपत्रांत ७, १३ आणि १६ वर्षं अशा वयाच्या पायऱ्या आल्या, त्या मला योग्य वाटतात. मात्र कोणतंही प्रमाणपत्र तुमच्या मुलाचा चेहरा पाहून दिलेलं नसतं. तो पाहायचं काम माझं होतं आणि त्या दिवशी मी ते केलं नाही.

दुसरी भीती मारामारीची. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये आणि पुन्हा १९६३ मध्ये बालवाडीच्या मुलांवर केलेले प्रयोग या विषयावरच्या प्रत्येक चर्चेत येतात. मोठं माणूस फुगवलेल्या बाहुलीला बडवताना मुलांनी पाहिलं, आणि मग संधी मिळाल्यावर तसंच बडवलं. दुसऱ्या प्रयोगात तेच दृश्य फिल्मवर आणि कार्टूनच्या धर्तीवर, मांजराच्या वेषातल्या व्यक्तीकडून दाखवलं, तरी मुलांनी नक्कल केली. प्रयोग महत्त्वाचा आहे. पण ती बाहुली मार खाऊन पुन्हा उभी राहण्यासाठीच केलेली होती, आणि मुलांना पाहिलं गेलं ते लगेच नंतर. लाडू खाऊन कार्टूनमधल्या छोट्या भीमासारखा गुद्दा मारणारी मुलं माझ्या वर्गात ढिगानं होती. खरा गुद्दा लागून दुसरा रडला, की बहुतेकांचा हात थांबायचा. ज्यांचा थांबत नव्हता, त्यांच्या घरी मी गेले आहे. तिथे मारणारा हात पडद्यावरचा नव्हता. मुलांना उद्धट करतो म्हणून २००८ मध्ये ‘शिनचॅन’वर आपल्याकडे बंदी आली, पुढे तो काटछाट होऊन परत आला. शिनचॅनची नक्कल करणारं मूल आईच्या डोळ्यांत पाहत असतं, ती हसते की रागावते ते. उत्तर तिथे मिळतं.

शरीराला थेट झालेल्या अपायाचं एक उदाहरण निर्विवाद आहे, तेही सांगायला हवं. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगानं लुकलुकला आणि जवळपास ६८५ मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. काहींना झटके आले. त्यानंतर अशा झगमगाटावर तिथे नियम आले. ज्या मुलाला फिटचा त्रास आहे, त्याच्या पालकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय झगमगीत कार्टून अंधारात दाखवू नये.

आता मला खरोखर काळजी वाटते त्या दोन गोष्टी.

एक, वेग आणि न संपणं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एका गटाला ९ मिनिटं भरधाव कार्टून दाखवलं, दुसऱ्याला संथ, तिसऱ्यानं कागदावर चित्रं काढली. लगेच नंतर थांबून राहणं, लक्षात ठेवणं, सूचना पाळणं अशी साधी कामं दिली, त्यांत भरधाव कार्टूनवाली मुलं मागे पडली. हा परिणाम किती वेळ टिकतो, ते त्या अभ्यासातून ठरत नाही. पण नऊ मिनिटांनी एवढं होत असेल, तर फाट्यावरच्या त्या मुलासारखं रोज तीन-तीन तास पाहणाऱ्यांचं काय, हा प्रश्न मला झोपू देत नाही. सत्तर किंवा नव्वद मिनिटांच्या सिनेमाला सुरुवात असते, मध्य असतो, शेवट असतो. पाटी येते, दिवा लागतो, मूल आळस देतं आणि “मला भूक लागली” म्हणतं. मोबाइलवरचे तुकडे संपतच नाहीत. एक संपायच्या आत दुसरा सुरू होतो. मुलानं थांबावं असं वाटत असेल, तर थांबायची जागा असलेली गोष्ट त्याला द्यावी लागते. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं २०२१ मध्ये सांगितलं, की दोन वर्षांच्या आत पडदा नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. हा कागद प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर लागायला हवा.

दुसरी काळजी भाषेची, आणि ही मला सर्वांत मोठी वाटते. भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर, जिथे घरात, शेतात, देवळात हिंदीचा शब्द नाही, तिथे तीन-चार वर्षांची मुलं कार्टूनच्या हिंदीत भांडतात, हट्ट करतात, खेळताना एकमेकांना हुकूम देतात. ‘डोरेमॉन’ जपानी, ‘मोटू पतलू’ आणि ‘छोटा भीम’ आपल्या देशातले, पण आमच्या पोरांच्या कानावर सगळं पडतं ते हिंदीतून. २०१३ मध्ये बांगलादेशानं हिंदीतल्या ‘डोरेमॉन’चं प्रसारण बंद केलं, ते बंगाली मुलं हिंदी बोलू लागली म्हणून. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे शासन निर्णय निघाले, महाराष्ट्र पेटून उठला आणि २९ जूनला ते मागे घेतले गेले. मी त्या विरोधाच्या बाजूनं होते. पण पहिलीत पाऊल ठेवण्याआधीच दोन-तीन वर्षं रोज हिंदी ऐकत आलेल्या मुलासाठी आपण काय केलं? हिंदीवर माझा राग नाही. बंदी मला नको. मला मराठी हवं आहे. भातलावणी, नांगरट, मोहाची फुलं, ओढ्यातले खेकडे, काठी टेकत येणारी आजी, यांना ज्या भाषेत नावं आहेत त्या भाषेत हलणारी-बोलणारी चित्रं हवी आहेत.

आणि ती करायची ताकद आपल्यात नव्हती असं नाही. हिंदुस्थानातलं सर्वांत सुरुवातीचं ॲनिमेशन करणारा माणूस त्र्यंबकेश्वरचा. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या अंकुराची वाढ एकेका चौकटीत टिपली आणि १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ मध्ये मुंबईतच उभा राहिला. मुलांसाठी मराठीत शैक्षणिक चित्रफिती करणारी ‘बालचित्रवाणी’ १९८४ मध्ये पुण्यात सुरू झाली. सकाळी सह्याद्री वाहिनीवर तिचे कार्यक्रम लागायचे, आम्ही शाळेत त्यांच्याभोवती तास बसवायचो. २०१७ मध्ये ती बंद झाली. मुलांच्या हातात फोन पोचत होते नेमक्या त्याच वर्षांत राज्यानं मुलांची स्वतःची चित्रवाणी मिटवली. हे मला आजही सहन होत नाही.

चित्र दाखवून गोष्ट सांगणं ही तर आपली जुनीच रीत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं चित्रकथी जपली आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीत पोथीतलं एकेक चित्र समोर येतं आणि शेजारी बसलेला कथेकरी वाद्यावर ते गातो, सांगतो. समोर लहान मूल दिसलं तर तो आवाज बदलतो, म्हातारं माणूस डुलक्या घेऊ लागलं तर ठेका वाढवतो. राक्षसाचं चित्र किती वेळ धरायचं, हे समोरच्यांचे चेहरे पाहून ठरतं. धाराऊची मांडी आणि चित्रकथ्याची बैठक मला एकाच जागी भेटतात. दोघांचंही लक्ष मुलावर होतं. पडद्याचं नसतं, तो मुलाकडे पाहत नाही. त्याच्या वतीनं पाहायला कोणीतरी माणूस तिथे बसावं लागतं, आणि ते माणूस आई, आजोबा, मावशी, मोठी बहीण कोणीही चालेल.

पुढच्या बारा प्रकरणांत बारा सिनेमे आहेत. प्रत्येकाची गोष्ट मी मराठीत सांगितली आहे, म्हणजे आवाज बारीक करून ती तुम्हाला तुमच्या बोलीत सांगता येईल. कोणत्या वयाला दाखवावा, कुठे मूल घाबरू शकतं, कुठे थांबून बोलावं, मुलांनी पडवीत काय विचारलं, हे दिलं आहे. मुलांची नावं दिलेली नाहीत. पुस्तक एका बैठकीत वाचू नका. एक प्रकरण वाचा, एक सिनेमा दाखवा, मध्ये आठवडा जाऊ द्या.

पहिलं प्रकरण ‘बांबी’चं आहे. गोळीचा आवाज सिनेमा निम्मा उलटल्यावर येतो. त्या वेळी चहा ठेवायला उठू नका. मुलाशेजारी बसून राहा.